मशरूमला आधी हवा, मग पाणी

मशरूमचं किट, म्हणजे बुरशीचे तंतू वाढवलेली पेंढ्याची नाहीतर भुशाची पिशवी, घरी आणलं की लोक आधी फवाऱ्याची बाटली शोधतात. "दिवसातून किती वेळा पाणी मारू?" असं मला हमखास विचारलं जातं. पाणी माराच, पण आधी पिशवी कुठे ठेवली आहे ते सांगा, असं मी म्हणते. किट रुसतं ते बऱ्याचदा हवेवाचून.

आपण मशरूमला झाडांच्या पंगतीत बसवतो, तिथेच गल्लत होते. त्याला हरितद्रव्य नसतं, उन्हाच्या जोरावर ते अन्न तयार करत नाही. पिशवीत पसरलेलं पांढरं जाळं म्हणजे बुरशीचे तंतू. ते पेंढ्यातलं नाहीतर भुशातलं लिग्निन आणि सेल्युलोज, म्हणजे लाकूड-पेंढ्याला घट्टपणा देणारी द्रव्यं, विरघळवून खातात, ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. म्हणजे पिशवी चक्क श्वास घेत असते. बंद कपाटात ठेवली तर सोडलेला वायू तिच्याभोवतीच साचतो. मग देठ लांबच लांब वाढतात आणि टोप्या बटणाएवढ्या राहतात. देठाच्या बुडाशी पांढरी लव दिसू लागली तरी समजावं, हवा कोंडली आहे.

मी लावते ती धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम. रानात ती वाळल्या लाकडावर येते. तंतू सालीच्या आत असतात तोवर हवा कमी आणि अंधार. बाहेरची ताजी हवा, उजेड आणि ओल लागली की तिला फळायची वेळ झाल्याचं कळतं. किटच्या पिशवीला चीर देतात ती त्यासाठीच.

आमची पिशवी ओट्याच्या टोकाला असते, खिडकीपासून हातभर आत. उजेड येतो, ऊन येत नाही, पंख्याचा झोतही लागत नाही. झोत लागला की कोवळे अंकुर सुकतात, कारण त्यांना ८५ ते ९५ टक्के आर्द्रता लागते. हवा खेळती हवी आणि दमटही हवी, हे जमवणं हीच सगळी मेहनत. फवारा अगदी बारीक, धुक्यासारखा. पाण्याची धार नको.

अंकुर येतात तेव्हा मात्र बघत राहावं. बाबा भिंग घेऊनच बसतात. "बाबा, हात नका लावू, नुसतं बघा," असं मला सांगावं लागतं. चिरेच्या कडेला आधी पांढऱ्या गाठी येतात, मग त्यांच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे राखाडी-निळसर ठिपके. त्यातले बरेचसे तिथेच थांबतात, पिवळे पडतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नये, उरलेल्यांना तेवढं अन्न जास्त मिळतं. जे तगतात ते सकाळी पाहिले तर संध्याकाळी ओळखू येत नाहीत.

काढणी वजनासाठी लांबवू नये. टोपीची कड खाली वळलेली असते, ती सपाट व्हायला लागली की अख्खा झुबका धरून पिरगाळून काढायचा. बुंधा मागे ठेवला तर सडतो. कड वर उलटेपर्यंत थांबलात तर पांढऱ्या भुकटीसारखे बीजाणू खाली पडतात, आणि काहींना त्याने खोकला धरतो.

शिजवण्याआधी मी टोप्या उलट्या करून, टोपीखालचे पापुद्रे वर, थोडा वेळ उन्हात ठेवते. मशरूममधल्या अर्गोस्टेरॉल नावाच्या द्रव्याचं अतिनील किरणांनी ड जीवनसत्त्व होतं. कच्चं खाऊ नये. त्याच्या पेशीभित्तिकेत कायटिन नावाचं चिवट द्रव्य असतं, ते नीट पचत नाही. आणि झाकण ठेवू नका, त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते आधी उडू द्या.

पहिल्या काढणीनंतर पिशवी काही तास गार पाण्यात बुडवून, निथळून परत जागेवर ठेवली की पुन्हा पीक येतं, थोडं कमी. पिशवीत पिवळसर पाणी साचलं तर घाबरू नका. हिरवा डाग पसरू लागला तर तो ट्रायकोडर्मा, म्हणजे पिशवीत शिरलेली दुसरी बुरशी. तशी पिशवी लगेच घराबाहेर काढा.

दमलेला पेंढा मी कुंड्यांत घालते. ओल मिळाली तर त्यातूनही एखादी धिंगरी डोकं काढते. पण कुंडीत दुसऱ्या छत्र्याही उगवू शकतात, त्यामुळे तिथलं काहीच मी पानात वाढत नाही.