तू सिटिझन आहेस ना, मग शिट्टी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि एकदाच लिहितेय, कारण नेपरविलला दिवाळीच्या फराळाला तोच प्रश्न, फॅमिली ग्रुपवर तोच, आणि मावशीने तर फोनवर तब्येतसुद्धा विचारली नाही, डायरेक्ट हेच, "तू सिटिझन आहेस, तुझं काय अडलंय? त्या मास्कवाल्यांच्या मागे शिट्टी घेऊन कशाला पळतेस?"

मास्कवाले म्हणजे कागदपत्रं नसलेल्यांना धरायला शिकागोत फिरणारे इमिग्रेशनचे एजंट. तर पहिलं म्हणजे मी पळत नाही, माझे गुडघे माहितीयेत तुम्हाला. मी खाली फुटपाथवर उभी राहते, व्हिडिओ काढते, शिट्टी वाजवते. नुसती त्यांची गाडी दिसली तर तुटक तुटक, कुणाला धरलं तर सलग. हात लावायचा नाही, मध्ये पडायचं नाही. उभं राहून बघणं आणि ओरडणं हा या देशात गुन्हा नाही, निदान मी शपथ घेतली तेव्हा तरी नव्हता.

दुसरं, तुमचा लाडका मुद्दा, "आपण रांगेत उभे राहिलो ना". ग्रीन कार्डासाठी राहिलो. आमची अख्खी तिशी त्यात गेली, बाबा गेले तेव्हा व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकेल म्हणून मी आले नाही, हे मला कुणी आठवण करून द्यायला नको. आणि हेच वाक्य मी स्वतः वर्षानुवर्षं बोललेय. फेब्रुवारी 2025 मध्ये बेकायदा आलेल्या 104 भारतीयांना परत घेऊन ते अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, हातात बेड्या, पायात साखळ्या, तेव्हा ग्रुपवर कुणीतरी "डंकीवाल्यांना", म्हणजे चोरवाटेने येणाऱ्यांना, "असंच पाहिजे" लिहिलं त्याला अंगठा दिलेला मीच, मागे जाऊन बघा. त्या अंगठा देणाऱ्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, माझं अजून भांडण चालू आहे, कारण ती सगळंच चुकीचं बोलत नव्हती. देशाला सीमा असावी असं मला आजही वाटतं. पण जो माणूस गवत कापतो त्याने कुठल्या रांगेत उभं राहायचं ते सांगा ना. अकुशल कामगारांची नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं अख्ख्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त 10,000, कायद्यातच तसं आहे. एवढं पाठ करूनही "नियम मोडला तो मोडलाच" हे माझ्याच डोक्यातलं उत्तर मला खोडता येत नाही, तेही सांगून टाकते.

आता ऑक्टोबर 2025 मधली ती सकाळ. मिडवे ब्लिट्झ, म्हणजे शिकागोतली ती धरपकडीची मोहीम, जाहीर होऊन महिना उलटला होता. शिकागोच्या रॉजर्स पार्कमधला आमचा रस्ता, समोरच्या बिल्डिंगचं लॉन, दोघंजण पानं गोळा करत होते, लीफ ब्लोअर चालू, मी मीटिंगमध्ये म्यूटवर. आणि शिट्ट्या. मी लॅपटॉप तसाच टाकून खाली गेले तोवर एकजण निसटला होता आणि दुसरा पालथा पडलेला, पाठीवर कुणाचा तरी गुडघा. ब्लोअर बाजूला पडून चालूच होता. आणि लोक किती, मुलाला शाळेत सोडायला निघालेली आई, गाऊनवर बाहेर आलेले आजोबा, पार्किंगवरून माझ्याशी बोलणं टाकलेली शेजारीण, सगळे एकदम जीव खाऊन फुंकत होते, मीही. आम्हाला शिकवलंय की धरलेल्या माणसाचं नाव विचारायचं, म्हणजे घरी कळवता येतं, वकील गाठता येतो. मी शिट्टी काढून मोडक्या स्पॅनिशमध्ये ओरडले, नाव, नाव काय? त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं. पूर्ण सांगितलं असणार, ओठ बराच वेळ हलत होते. मला "होसे" एवढंच कळलं. बाकीचं आमच्याच शिट्ट्यांत गेलं. परत विचारेपर्यंत गाडीचं दार लागलं.

जाता जाता एका मास्कवाल्याने मला विचारलं, जन्म कुठला? एवढ्या गर्दीत मला एकटीला. मी "यूएस सिटिझन" म्हणून किंचाळले. शिकागोतल्याच साउथ शोअरला 30 सप्टेंबरला मध्यरात्रीनंतर पडलेल्या धाडीत बिल्डिंगमधल्या सिटिझन लोकांनाही बांधून ठेवलं होतं हे तेव्हा डोक्यात होतं, त्यामुळे मावशी, "तुझं काय अडलंय" याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

मग दुपारभर फोन. धरलेला माणूस शोधायची सरकारी वेबसाइट आहे, तिला एलियन नंबर, म्हणजे परदेशी माणसाला सरकार देतं तो क्रमांक, आणि जन्माचा देश लागतो, नाहीतर नाव, आडनाव, जन्माचा देश, आणि स्पेलिंग अगदी तंतोतंत. होसे टाकून काय निघणार. बिल्डिंगवाला म्हणाला काँट्रॅक्टर रोज वेगळी माणसं आणतो, काँट्रॅक्टरने फोनच उचलला नाही. धरलेल्यांना मदत करणाऱ्या हॉटलाइनवरच्या मुलीने दोनदा विचारलं, आडनाव? मी गप्प.

"मग शिट्ट्यांनी काय मिळालं?" असं तुम्ही म्हणणारच. एकजण निसटला, तो शिट्टी ऐकून निसटला. ते बरं झालं का वाईट, यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही, माझंच नक्की नाही. दुसऱ्याचं नाव मात्र आम्ही बुडवलं, तेही खरंच.

आता मी म्हणतेय की धरपकड सुरू झाली की निदान दोघांनी तरी शिट्टी खाली ठेवावी, नाव ऐकायला. शेजारीण म्हणते आवाज थांबला की लोक घरातून बाहेर येत नाहीत, आणि लोक नसले की नाव विचारायला तरी कोण असणार. पार्किंगचं भांडण मिटलं, हे नवीन सुरू झालंय, गुरुवारी परत बसणार आहोत.