लोणार: असुराच्या बिळाच्या काठाने

लोणारला येणारे बहुतेक लोक थेट सरोवराच्या काठावर जातात, "उल्का पडली होती म्हणे" म्हणत फोटो काढतात आणि निघतात. आम्ही आधी गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात गेलो. तसाच क्रम ठेवा, असं मी सांगेन, कारण सरोवराची गोष्ट या देवळात आहे.

काळ्या दगडाचं देऊळ, खाली चांदणीसारखा कोनाकोनांचा पाया. आत अंधार. वाटाड्याकाकांनी छतावर बॅटरी मारली, तेव्हा वरचं कोरीव काम उजळलं: नरसिंह, कंसवध आणि ज्याच्यासाठी देऊळ उभं राहिलं तो लवणासुराचा वध. गाभाऱ्यातला विष्णूही असुराला पायाखाली घेऊनच उभा आहे.

लवणासुर जमिनीखाली बिळात राहायचा. वर येऊन मुलूख उजाड करायचा आणि पुन्हा आत शिरून झाकण लावून घ्यायचा. देवांना ठिकाण सापडेना. मग विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्या दोन बहिणींना भुलवलं आणि त्यांच्याकडून पत्ता काढला. पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं. आत असुर झोपलेला. त्याचं रक्त म्हणजे तळ्याचं पाणी आणि मांस म्हणजे खार. झाकण लांब जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली.

"आणि बहिणींचं काय झालं पुढे?" मी विचारलं.

"ते काही कोणी सांगत नाही, ताई." काका हसले आणि चालू लागले. भावाचा ठावठिकाणा सांगून बसलेल्या त्या दोघी माझ्या डोक्यातून दिवसभर गेल्या नाहीत.

गावाबाहेर गोमुखाची धार आहे. बारमाही, गोड्या पाण्याची. तिथे अंघोळीला रांग होती, आणि खाली त्याच खळग्यात तोंडात धरवणार नाही असं खारं पाणी. अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथातसुद्धा इथल्या खाऱ्या आणि गोड्या पाण्याची नोंद आहे. साबण आणि काच बनवायला लागणारा माल इथे मिळतो असंही त्यात लिहिलंय, आणि ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, हेही. तळ्यातून पूर्वी खार काढत. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रकारांची नावं. असुराच्या मांसावर सरकारचा महसूल चालायचा म्हणा ना!

खाली उतरायची वाट बाभळींतून जाते. मोर ओरडत होते, वानरं आमच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. खळग्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, पण तळाशी गेल्याशिवाय तो आकडा अंगावर येत नाही. काठाने जुनी देवळं झाडोऱ्यात मोडून पडली आहेत. कमळजादेवीचं देऊळ अजून नांदतं. नवरात्रात तिथे यात्रा भरते. अलीकडच्या वर्षांत मात्र पाणी चढत चढत देवळापर्यंत आलंय. 2020 च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं.

1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, तरी हा खळगा ज्वालामुखीचा की उल्केच्या आघाताचा, हा वाद पुढे दीडशे वर्षं चालला. 1973 साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी आघाताने बदललेल्या खडकाचा पुरावा मांडला, तेव्हा उल्केचं नक्की झालं. वय मात्र अजून भांडणाचं: कुणी बावन्न हजार वर्षं म्हणतं, कुणी पावणेसहा लाख.

काकांना हे सगळं पाठ होतं. पर्यटकांना तेच हवं असतं, म्हणून ते उल्केपासून सुरू करतात आणि असुर घाईत उरकतात. आम्ही उलटं करायला लावलं, तर त्यांची कळीच खुलली.

शेवटी मोठ्या मारुतीला गेलो. मारुती इथे आडवा, निजलेला आहे. या दगडात चुंबक आहे, होकायंत्र भरकटतं, असं सांगतात. मी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. काटा गरगर फिरला खरा. पण तो माझ्या स्वयंपाकघरातही फिरतो.