वीज कोसळल्यावर शोधायचे दोन तारे

आमच्या तारांगणातल्या मानवी अंतराळप्रवासाच्या कार्यक्रमात अपोलो १२ या चांद्रयानाचा प्रसंग आहे. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी उड्डाणानंतर ३६.५ सेकंदांनी आणि पुन्हा ५२व्या सेकंदाला यानाला विजेचा तडाखा बसला. दिशा सांभाळणारी जायरोची (वेगाने फिरणाऱ्या चक्रांची) चौकट भरकटली. पृथ्वीच्या कक्षेत पोचल्यावर अंतराळवीरांनी तारे पाहून ती पुन्हा जुळवली.

आमच्या एका खेळात प्रथमच तारे शोधायचं हे काम प्रेक्षकांवर सोपवलं होतं. प्रत्येकाकडे पुठ्ठ्याची खिडकी: १६ सेंटिमीटरचा चौकोन, डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरला की ३० अंश आकाश दिसतं. मृग नक्षत्रातला राजन्य (रायजेल) आणि व्याध या दोन ताऱ्यांत सुमारे २४ अंश, म्हणजे दोन्ही त्यात मावतात. एकाच ताऱ्यावर नेम धरला तर यान त्या रेषेभोवती कसंही फिरलेलं असू शकतं. दुसरा तारा ही शक्यता संपवतो. मुलांना हे पेन्सिल फिरवून दाखवलं की लगेच पटतं.

पण तारे सापडेनात. विजेचा लखलखाट पूर्ण पांढऱ्या उजेडात दाखवून तीन सेकंदांत आकाश लावलं होतं. ‘तारे लावलेत ना?’ असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं. मला आधी प्रोजेक्टरचीच शंका आली, पण यंत्र ठीक होतं. दिपले होते ते डोळे. डोळ्यातल्या दंडपेशींना अंधाराला पुरतं सरावायला अर्धा तास लागतो. शिवाय पांढऱ्या घुमटाच्या एका बाजूचा उजेड समोरच्या बाजूवर पसरून फिके तारे पुसतो. अपोलो १२मध्येही डोळे सरावेपर्यंत ताऱ्यांचा शोध असाच अडला होता, आणि हे आमच्या संहितेत नव्हतंच!

दुपारच्या खेळाआधी लखलखाटाची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर आणली. पुढे पाच मिनिटं घुमट काळा ठेवून फक्त निवेदन: चॅपल हिलच्या मोरहेड तारांगणात अंतराळवीर तारे कसे ओळखायला शिकले, अपोलोच्या यादीत ३७ तारे का होते. मग तिसऱ्या प्रतीपर्यंतचेच, म्हणजे ठळकच तारे लावले, कारण हजारो तारे एकदम आले की मृगाचा पट्टा, म्हणजे व्याधाकडे रोख असलेले ओळीतले तीन तारे, हरवतो. लुकलुकणं बंद, क्षितिज काढलेलं. आकाश फिरवायचं ते सेकंदाला दोन अंशांपेक्षा हळू, नाहीतर लोकांना भोवळ येते.

क्षितिज नसल्याने पुठ्ठे थोडा वेळ सैरभैर फिरले. मग पट्टा सापडला, आणि एकेक करून सगळ्या खिडक्या व्याधाकडे वळल्या.