आज मीटिंगमध्ये तोंड उघडलं!

बेलापूरच्या आमच्या शिपिंगच्या ऑफिसात मीटिंग म्हटली की माझी दाराजवळची खुर्ची ठरलेली. "आपण डॉक्युमेंटेशनवाले, आपल्याला कोण विचारतंय" हे मी स्वतःलाच इतकं ऐकवलंय की दुसऱ्या कुणी ऐकवायची गरजच उरली नव्हती. त्यात समोरचे फाडफाड इंग्रजी बोलणारे.

आज विषय निघाला, न्हावा शेवा बंदरात कंटेनर का अडकतात. सगळे ट्रॅफिकवर घसरले. (उरण रोडचं ट्रॅफिक, हक्काचा बळीचा बकरा!) माझ्या मेलबॉक्सात मात्र रोज वेगळंच दिसतं. भरलेल्या कंटेनरच्या वजनाचा दाखला, म्हणजे व्हीजीएम, पार्ट्या (माल पाठवणारे ग्राहक) अगदी कट-ऑफच्या, म्हणजे तो द्यायच्या शेवटच्या वेळेच्या, तोंडावर पाठवतात. १ जुलै २०१६ पासून त्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवताच येत नाही. बोलले. मराठीतच. आवाज कापत होता, हातातल्या पेनाच्या टोपणाचे हाल झाले.

साहेब म्हणाले, "मग बुकिंगच्या मेलमध्येच ती कट-ऑफची वेळ टाकायची का?"

म्हटलं, "हो सर, मसुदा मी करते."

आता उद्या दुपारपर्यंत द्यायचाय. ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या दोन ओळी टाइप केल्यात, त्याही खोडल्या. पार्टीला न दुखावता "वेळेत पाठवा" कसं लिहायचं, कुणाला जमत असेल तर कमेंटमध्ये सांगा.