कोलंबो ते माले: ७७७ किलोमीटर आणि घड्याळातला अर्धा तास

ठाण्याहून श्रीलंका आणि मालदीव एकाच सहलीत बसवताना मुंबई-कोलंबोचा टप्पा चटकन जमला, कारण भारताचं आणि श्रीलंकेचं घड्याळ एकच. खरा हिशेब लागला तो कोलंबो-मालेला.

अंतर मी आधी कागदावर काढलं. कोलंबोचा विमानतळ कटुनायकेला, ७.१८ उत्तर, ७९.८८ पूर्व. मालेचा वेलाना हुलहुले बेटावर, ४.१९ उत्तर, ७३.५३ पूर्व. अक्षांशातला फरक २.९९ अंश, म्हणजे साधारण ३३२ किमी. रेखांशातला ६.३५ अंश. ठाण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०५ किमीच भरतो, पण तिथे विषुववृत्त जवळ असल्यामुळे तो ११०.७ च्या आसपास जातो. म्हणून ७०३ किमी. दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: ७७७ किमी. हेच अंतर सागरी मैलांत ४२० आणि साध्या मैलांत ४८३ होतं, त्यामुळे आकड्यापुढचं एकक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. विमानतळ निवडतानाही नाव नीट वाचा. कोलंबोजवळ रत्मलाना हा दुसरा विमानतळ आहे, आणि मालदीवच्या दक्षिण टोकाचं गान धरलंत तर अंतर थेट साडेअकराशेच्या घरात जातं.

आता वेळ. ताशी ८३० च्या वेगाने ७७७ किमीला छप्पन्न मिनिटं, असा भागाकार करून चालत नाही. एवढ्या छोट्या उड्डाणात चढण आणि उतरण यांतच बराच वेळ जातो, आणि पूर्ण वेग थोडाच वेळ मिळतो. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. म्हणून मी दीड तास धरला. वाऱ्याने इतक्या अंतरात काही मिनिटंच इकडेतिकडे होतात.

मालेचं घड्याळ अर्धा तास मागे. समजा कोलंबोहून दीडला निघालात, तर तिकिटावर पोहोचण्याची वेळ अडीच दिसते. प्रवास एका तासाचा वाटतो. परतताना साडेतीनला निघालेलं विमान साडेपाचला उतरतं आणि तोच प्रवास दोन तासांचा दिसतो. दोन्ही वेळा तिकिटावर स्थानिकच असतात, त्यांत स्वतःहून पुन्हा अर्धा तास मिळवू-वजा करू नये.

हे इतकं ताणून धरायचं कारण सीप्लेन, म्हणजे मालेहून दूरच्या रिसॉर्टला नेणारं, पाण्यावर उतरणारं छोटं विमान. ते फक्त उजेडात उडतं. दुपारी साडेतीननंतर मालेला उतरलं, तर इमिग्रेशन आणि सामान उरकेपर्यंत शेवटची फेरी हुकू शकते आणि रात्र मालेत किंवा विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागते. रिसॉर्ट स्पीडबोटीच्या अंतरावर असेल, तर संध्याकाळचं विमानही चालतं.

मालदीवचा ‘इमुगा’ हा ऑनलाइन प्रवासी माहितीचा फॉर्म मोफत आहे. विमानाच्या आधीच्या ९६ तासांतच भरता येतो आणि परतताना तो पुन्हा भरावा लागतो. श्रीलंकेचं ईटीए (ऑनलाइन मिळणारी प्रवेश-परवानगी) मात्र ठाण्यातून निघण्याआधीच हातात हवं.