आमची वाटचाल: मानेच्या शेकापासून श्वासापर्यंत

पुण्यातलं आमचं फिजिओथेरपी केंद्र सुरू झालं ते मान, पाठ आणि गुडघ्यांसाठी. दोन प्लिंथ, म्हणजे उपचाराचे पलंग, हॉट पॅकची टाकी, आयएफटी (दुखऱ्या भागाला सौम्य वीजप्रवाह देणारं) आणि ट्रॅक्शनचं (मान-कंबर ताणणारं) मशीन. वीस मिनिटं शेक, दहा मिनिटं मशीन, दोन व्यायाम आणि पुढची तारीख, असा शिरस्ता होता. गुडघ्याला तो पुरायचा. मानेला पुरत नव्हता. हिंजवडीहून रात्री सुटणारे आयटीवाले असोत, पेठांमधल्या अभ्यासिकांत दहा-बारा तास बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं असोत, शेकाने सुटलेली मान तिसऱ्या दिवशी पुन्हा धरायची. एमआरआयमध्ये वयाला साजेल इतकंच दिसायचं. बोलताना मात्र झोप लागत नाही, छातीत धडधडतं, श्वास पुरत नाही, हे सगळं निघायचं. २०२०च्या टाळेबंदीनंतर तर अशा पेशंटची रीघच लागली.

कारण शरीरात स्पष्ट दिसतं. माणूस काळजीत असला की श्वास पोटातून वर छातीत चढतो. श्वासपटलाचं, म्हणजे छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूचं, काम मानेच्या बाजूचे आणि खांद्यावरचे स्नायू करू लागतात. मिनिटाला १८ श्वास धरले, तरी जागेपणीच्या १६ तासांत हे स्नायू १७ हजारांहून जास्त वेळा खेचले जातात. वीस मिनिटांचा शेक त्याला कुठे पुरणार? म्हणून आम्ही क्रम उलटा केला: आधी श्वास, मग स्नायू, शेवटी चालणं-चढणं. हॉट पॅक अजून आहे, सहा ते आठ पदरी टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं, पण तो आता पेशंटला स्थिर बसता यावं एवढ्यापुरता.

पहिली भेट ४५ मिनिटांची असते. रक्तदाब, नाडी आणि श्वास मोजतो. श्वास मोजताना पेशंटला सांगायचं नाही, कारण सांगितलं की तो लगेच बदलतो. नाडी बघतो आहोत असं दाखवून मनगट धरून ठेवायचं आणि नजर बरगड्यांवर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली की मधले उसासे सुटतात, आणि या पेशंटमध्ये तेच महत्त्वाचे. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. त्यासोबत नायमेगन प्रश्नावली भरून घेतो. त्यात १६ लक्षणं असतात आणि बेरीज २३च्या वर गेली की जास्त श्वास घेण्याची सवय जडली असल्याची शंका घ्यायची.

श्वास शिकवायला पाठीवर झोपवतो, गुडघ्यांखाली दोन उश्या, एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. घरी पोटावर अर्धा किलो तांदळाची पिशवी ठेवायला सांगतो. ती वर-खाली होताना दिसली की समजावून सांगावं लागत नाही.

इथे हमखास तीन गोष्टी चुकतात. पोट मुद्दाम ढकलून बाहेर काढलं जातं आणि श्वास छातीतच राहतो. दुसरी चूक जास्त त्रासाची: ‘दीर्घ श्वास’ म्हटलं की लोक भराभर मोठे श्वास ओढतात. मग कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं आणि पेशंट आणखी घाबरतो. त्याला आम्ही ‘कमी घ्या, हळू सोडा’ एवढंच सांगतो. याच कारणाने, घाबरण्याचे झटके येणाऱ्यांनी सुरुवातीला कपालभातीसारखे जलद श्वास करू नयेत असं आमचं ठाम मत आहे. तिसरं म्हणजे डोळे मिटण्याचा आग्रह. काहींना डोळे मिटले की धडधड जास्तच ऐकू येते. त्यांना भिंतीला टेकून बसवावं, डोळे उघडे ठेवावेत.

मग स्नायू. ‘खांदे सैल सोडा’ हे वाक्य आम्ही वापरणं बंद केलं. ताणलेल्या माणसाला ते ऐकून खांदे आणखी वर चढवताना रोज पाहिलं. लॉरा मिचेल या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टच्या पद्धतीत सूचना वेगळी आहे: खांदे पायांकडे ओढा, थांबा, आता खांदे कुठे आहेत ते जाणवू द्या. खांदा खाली ओढणारा स्नायू कामाला लागला की वर उचलणाऱ्या स्नायूला ढिलं पडावंच लागतं, ही सोय मज्जारज्जूतच आहे. हात, पाय, धड, डोकं, जबडा असं सगळीकडे फिरायला साधारण २० मिनिटं लागतात. एडमंड जेकबसन यांची आवळून सोडण्याची पद्धतही वापरतो: पाच ते सात सेकंद आवळणं, वीस-तीस सेकंद सोडणं. पूर्ण जोर लावला तर पोटरीत गोळा येतो, म्हणून अर्धाच जोर. आवळताना श्वास रोखायचा नाही, रक्तदाब असलेल्यांनी तर नाहीच. मान आधीच दुखत असेल तिथे मिचेलच बरी.

जबड्यासाठी ‘न’ म्हणायला लावतो. जीभ वरच्या दातांमागे जिथे टेकते तिथेच ठेवायची, ओठ मिटलेले, दात सुटे. दुचाकीवाल्यांना सांगतो, प्रत्येक लाल सिग्नलला हेल्मेटच्या आत दात आवळलेत का ते बघा. विद्यापीठ चौकातून रोज जाणाऱ्याला सराव कमी पडत नाही.

दोन आठवड्यांनी चढणं. धडधडीला घाबरणारा माणूस जिना टाळतो, आणि टाळल्याने भीती पक्की होते. एका पायरीवर एक मिनिट चढ-उतार, मग बसून नाडी उतरताना स्वतः मोजायची. हळूहळू पर्वती, हनुमान टेकडी. बोलता येतंय पण गाता येत नाही इतपत वेग, आणि आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत पोचायचं.

धंद्याच्या अंगाने हा बदल जड गेला. मशीनवर एका वेळी तीन पेशंट लागतात, श्वासाला एकच, तोही दार बंद करून. दिवसाचे पेशंट घटले, फी वाढवावी लागली. तरी दहा सिटिंगचं आगाऊ पॅकेज आम्ही विकत नाही. पैसे भरलेला काळजीखोर माणूस बरा झाला तरी मोकळा होत नाही. सहा ते आठ भेटी बहुतेकांना पुरतात.

आमचं काम कुठे संपतं हेही भिंतीवर लावलं आहे. श्रमाने छातीत दुखणं, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, विनाकारण घटलेलं वजन, हातांचा कंप असेल, तर आधी डॉक्टर. चिंता किती आहे ते मोजणाऱ्या जीएडी-७ प्रश्नावलीत १० किंवा जास्त गुण आले की मानसोपचारतज्ज्ञाकडे चिठ्ठी देतो आणि व्यायाम सोबत चालू ठेवतो. चालू गोळ्या आमच्या सांगण्याने कुणी बंद करायच्या नाहीत. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडत नाही. घरच्यांना बोलावतो आणि तिथूनच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून देतो. तिथे मराठीत, चोवीस तास बोलता येतं.

शेवटच्या सिटिंगला प्लिंथ वापरत नाही. पेशंट खुर्चीवर, पायात चपला, दार उघडं, बाहेर हॉर्न वाजताहेत. तशात खांदे खाली, दात सुटे आणि श्वास पोटात राहिला, तर पुढची तारीख देत नाही.