चित्रेश दासांचा 'कथक योग'

कोलकात्याचे चित्रेश दास 1970 मध्ये अमेरिकेत गेले. 1971 पासून कॅलिफोर्नियात सरोदवादक अली अकबर खाँच्या संगीत महाविद्यालयात कथक शिकवू लागले आणि 1980 मध्ये त्यांनी 'छंदम' ही स्वतःची संस्था काढली. 2015 मध्ये दासांचं निधन झालं.

त्यांची खरी देणगी म्हणजे 'कथक योग': नाचणाऱ्यानेच गायचं, ठेका (तालाचे ठरलेले बोल) म्हणायचा, पुढे वाद्यही वाजवायचं. सरावाला तीनताल घ्या, 16 मात्रांचा, म्हणजे 16 समान ठोक्यांचं एक आवर्तन. आधी बसून हातावर टाळी-खाली (खालीच्या मात्रेला टाळी न देता हात नुसता हलवायचा) देत ठेका म्हणा, मग उभं राहून बरोबरीत, म्हणजे मात्रेला एक आघात धरून, तत्कार (पायांचे तालबद्ध आघात). दुगुणीत (दुप्पट लयीत) आवर्तनाला 32 आघात, चौगुणीत (चौपट) 64. ही दोन्ही तशी सरळ. घोळ होतो तिगुणीत (तिप्पट). 48 आघात पडत असताना तोंडचा ठेका मात्रेला एकच बोल धरून चालायला हवा, पण तो पायांमागे ओढला जातो, लय चढते आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आधीच येते. अशा वेळी घुंगरू सोडा, लय निम्मी करा, नवव्या मात्रेची खाली मोठ्याने म्हणा. तबलजीच्या भरवशावर लय झाकणाऱ्यांची इथे पंचाईतच होते, आणि ते बरंच आहे. टॅपनर्तक जेसन सॅम्युअल्स स्मिथबरोबरच्या दासांच्या जुगलबंदीत हीच लयीची पकड दिसते.